खरखरीत लोकरीचं काय करायचं?

निपाणी भागातल्या एका गावातून ४९ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दोन्ही मुली सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला. सुयांवरचं विणकाम त्या लहानपणापासून करतात, पण आजवर दुकानातल्या गुंड्यांवरच. यंदा त्यांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्या धनगर कुटुंबातल्या आजींनी कातरलेली लोकर पोतंभर तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून ताईंच्या मनानं घेतलं की आपलं सूत आपण कातायचं, आपणच रंगवायचं. उत्साहाच्या भरात तीन किलो लोकर एकदम गरम पाण्यात धुतली आणि तिचा दगडासारखा गोळा झाला. उरलेल्यातली थोडी माहेरच्या जुन्या पेटी चरख्यावर कातून बघितली, तर धागा पीळ खाऊन तुटतो. बिटाचा रंग दिला, तो पहिल्या धुण्यात गेला. घरात मालक म्हणतात, "विकणार असशील तर कर, नाहीतर वेळ कशाला घालवतीस?" सासूबाई म्हणतात, "हे धनगरांचं काम, आपलं नव्हे." मुलगा म्हणतो, बाहेरून मऊ पांढरी लोकर आणि पायाचा चरखा मागवून देतो, तू माल तयार कर, मी ऑनलाइन विकतो. ताईंनी शेवटी लिहिलंय, "आमच्याकडची लोकर काळी आणि खरखरीत. माझ्या हाताला हे काम नाही असं वाटायला लागलंय. सोडून देऊ का?"

प्रिय ताई,

त्या बादलीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळी उदासी त्या एका दुपारची आहे.

हाताचा काही दोष नव्हता. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे खवले असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. गरम पाण्यात ते उघडतात, धुण्याच्या पावडरीतल्या क्षारानं आणखी उघडतात, आणि चोळलं की एकमेकांत रुततात. एकदा रुतले की सुटत नाहीत. तुम्ही कढत पाणी घेतलंत, पावडर घातलीत, धुणं चोळतात तसं खसाखसा चोळलंत आणि लगेच नळाच्या गार पाण्यात काढलंत. जेन करणारे पिंजारी हेच मुद्दाम करतात. जेन म्हणजे न कातता, न विणता, लोकर भिजवून, मळून, दाबून केलेलं जाड अंथरूण. म्हणजे ज्या कामाची वर्षानुवर्षं एक कला झाली, ते तुमच्याकडून नकळत अर्धं झालं. तो गोळा टाकला नसेल तर टाकू नका, शेवटी त्याच्याकडे परत येते.

पुढच्या वेळी तीन किलो नको, १०० ग्रॅम घ्या. आधी कोरडीच जुन्या चादरीवर पसरा, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि झटका. दख्खनी मेंढराच्या लोकरीत मेण कमी आणि माती जास्त असते, त्यामुळे निम्मी घाण झटकूनच जाते. गोखरू, कुसळं, लेंडी लागलेली टोकं हातानं काढून टाका. एक खबरदारी इथंच सांगून ठेवते: लोकर नेहमी जिवंत, धडधाकट मेंढराची कातरलेलीच घ्या. मेलेल्या जनावराची कुणी फुकट दिली तरी नको, काळपुळीसारखा रोग लोकरीतून माणसाला होऊ शकतो.

मग मूठभर रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळा, गाळा, आणि ते पाणी बादलीभर गरम पाण्यात मिसळा. पाणी किती गरम? हात घातला की चटका जाणवेल, पण हात काढावा लागणार नाही, इतपत. लोकर कांद्याच्या नायलॉनच्या जाळीत भरा, जाळी पाण्यात दाबून बुडवा आणि वीस मिनिटं तिला अजिबात हात लावू नका. ढवळायचं नाही, चोळायचं नाही. घाण आपोआप तळाला बसते. वर काढून पाणी निथळू द्या आणि तेवढ्याच गरम, साध्या पाण्यात पुन्हा बुडवा. असं पाणी स्वच्छ निघेपर्यंत, बहुतेक तीनदा. प्रत्येक पाणी आधीच्याइतकंच गरम हवं, एवढा एक नियम पाळला तर गोळा होत नाही. शेवटी टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि सावलीत सुकवा. सुकली की हातात घेऊन बघा. पोत्यातली ती मळकट लोकर आणि ही, एकाच मेंढराची आहे यावर विश्वास बसणार नाही.

आता "काळी आणि खरखरीत" या शब्दांबद्दल. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेत, त्यामुळे जरा थांबून बोलू.

आपण दुकानातल्या गुंडीला गाल लावून बघतो आणि मऊ लागली की चांगली म्हणतो. बहुतेक वेळा ती गुंडी लोकरीची नसतेच, अ‍ॅक्रिलिकची असते. मेरिनोसारख्या मऊ लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. तंतू साधारण तीस मायक्रॉनच्या वर गेला की त्याचं टोक कातडीला टोचतं. आपल्या दख्खनी मेंढराची लोकर बरीचशी त्या रेषेच्या पलीकडची, वर तिच्यात केसासारखे राठ तंतू मिसळलेले. तेव्हा हिचा नातवाला स्वेटर विणलात तर तो दोन मिनिटांत काढून फेकणार, आणि त्यात ना तुमची चूक, ना लोकरीची. पण हे मेंढरू कुणासाठी घडलंय बघा. चिकोडी-रायबागच्या माळावरून निघून महिनोन् महिने चालायचं, उघड्यावर बसायचं, पाऊस-थंडी अंगावर घ्यायची. त्याच्या लोकरीची घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली की मिरगाच्या पावसात माणूस मेंढरांमागं उभा राहू शकतो. चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी खाली अंथरली की ओल वर येत नाही. मऊ लोकरीला हे जमणार नाही. म्हणून ही लोकर वाईट असं म्हणू नका. आपण तिला चुकीचं काम सांगत होतो.

मग काय करायचं हिचं? बसायला आसन, पाटावर घालायची घडी, बाजाराची पिशवी, खुर्चीचं बसकण, गरम भांड्याखाली ठेवायची चकती, दाराशी पायपुसणं. जाड सुया घ्या, दोन पदरी सूत घ्या आणि सैल विणा. हे सगळं तुमच्या आजच्या विणकामातूनच जमेल. आणि मऊच हवी असेल तर त्या आजींना पुढच्या वेळी विचारा, "जावळ ठेवलंय का?" कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी कुणाला बाळंतविड्यात मिळाली की सगळी आळी बघायला येत असे. थोडीच मिळते, पण एक मफलर होण्याइतकी मिळाली तरी पुष्कळ.

पेटी चरख्याचं सांगायचं राहिलं. तो तुमचा अडाणीपणा नव्हे, त्या यंत्राचा स्वभाव आहे. पेटी चरखा कापसासाठी आहे. कापसाचा तंतू आखूड, त्याला टिकायला पुष्कळ पीळ लागतो, म्हणून चाकाच्या एका फेरीत चाती, म्हणजे पीळ देणारी सळई, कितीतरी वेळा फिरते. लोकरीचा तंतू लांब, त्याला त्या मानानं थोडाच पीळ पुरतो. तुम्ही सवयीनं चाक फिरवत राहिलात, धागा दोरखंडासारखा वळला, मुरडला आणि तुटला. तो चरखा पुसून, तेल घालून नीट ठेवा. कधी बेळगावजवळच्या हुदलीला जाणं झालं तर तिथं खादीचं काम बघा, आपल्या भागात सूतकताईची केवढी परंपरा आहे ते कळेल आणि चरख्याला त्याचं खरं काम मिळेल. लोकरीसाठी मात्र चरखा नकोच, टकळी घ्या.

विकत घेऊ नका. वीतभराहून जरा लांब, पेन्सिलीएवढी जाड, सरळ काठी बघा. तिच्या खालच्या बाजूला गाण्यांच्या जुन्या दोन सीडी तबकड्या घट्ट बसवा, भोकात रबर किंवा कापड ठासून. वरच्या टोकाला चिमट्यानं वाकवलेला तारेचा आकडा. झाली टकळी. कापसाची टकळी फार हलकी असते, लोकरीला थोडं वजन लागतं, ३०-४० ग्रॅम. लोकर पिंजायला पाळीव कुत्र्यांचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश पुरतात. एकावर लोकर ठेवायची, दुसऱ्यानं हलकेच ओढायची, पाच-सहा वेळा. मग करंगळीएवढी वळी करून उचलायची, हा तुमचा पेळू.

मला हे बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात एका कुरुबर, म्हणजे कानडी धनगर, आजींनी शिकवलं. त्यांना मराठी बेताचं, माझी कन्नड भाजीबाजारापुरती. त्या लोकरीला उण्णी म्हणायच्या, मेंढराला कुरी, घोंगड्याला कंबळी, आणि मला कळेपर्यंत तेच तेच शब्द हसत म्हणायच्या. आपल्या मराठीतलं कांबळं आणि त्यांची कंबळी एकच, हे माझ्या तिथंच ध्यानात आलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला टकळी दिलीच नाही. चिमूटभर लोकर माझ्या डाव्या हातात दिली आणि उजव्या हातानं नुसतं हळूहळू ओढायला लावलं. पीळ नाही, काही नाही. ओढलं की तुटायचं. मी हात जवळ आणले की त्या माझी मनगटं धरून लांब करायच्या. अर्ध्या तासानं माझ्या बोटांना कळलं की लोकर तुटत नसते, घसरत असते. तंतूवरून तंतू सरकतो, आणि तो सरकणं थांबायच्या आधीच आपण थांबायचं. दोन हातांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी झालं तर काहीच हलत नाही, फार जास्त झालं तर धागा सुटतो. कातणं म्हणजे तेवढ्या अंतरात हात ठेवणं. पीळ त्याच्या नंतर.

मग त्यांनी ती ओढलेली लोकर मांडीवर ठेवून तळव्यानं एकदाच पुढं लोटली. धागा झाला. मी ओढून बघितला, तुटेना. तो वीतभर धागा मी अजून डबीत ठेवलाय.

तुम्हीही तसंच करा, ताई. पहिले चार दिवस टकळी फिरवू नका, नुसतं ओढायला शिका. मग मांडीवर पीळ द्या. मग टकळीला धागा बांधा, ती उजवीकडं फिरवा, फिरणं थांबायच्या आत चिमटीनं पीळ अडवा, पेळू थोडा ओढा, चिमटी सोडा, पीळ वर चढतो. टकळी पडेल. सुरुवातीला ती खाटेवर किंवा गादीवर बसून फिरवा म्हणजे आपटत नाही. धागा जाड-बारीक होईल, होऊ दे. दोन धागे भरले की ते एकत्र करून उलट्या दिशेनं, म्हणजे डावीकडं, पीळ द्या. दोन पदर एकमेकांना सावरतात आणि जाड-बारीकपणा निम्मा झाकला जातो. मग गुंडी करून कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा आणि वजन न लावता लोंबती वाळवा. पीळ बसतो, धागा शांत होतो. ओली गुंडी सरळ लोंबली तर पीळ बरोबर, स्वतःभोवती वळायला लागली तर कुठल्यातरी एका दिशेचा जास्त झालाय.

आता मालकांचं म्हणणं. "विकणार असशील तर कर." त्यात त्यांचा वाईट हेतू नसावा. शेतीच्या घरात प्रत्येक हाताचा हिशेब असतो आणि तो असावाच लागतो. पण हा हिशेब खरंच मांडून बघा, त्यांच्याच समोर बसून. नवख्या हातानं दिवसाच्या दोन तासांत फार तर वीस-पंचवीस ग्रॅम सूत निघतं. त्यात झटकणं, धुणं, पिंजणं धरलेलं नाही. एका बऱ्या आसनाला पाव किलोच्या वर सूत लागेल. तासाचा भाव काढलात तर भांगलणीची मजुरीही सुटणार नाही. म्हणजे विकायचं ठरवलंत तर ते तोट्याचं काम आहे आणि पहिल्याच महिन्यात घरातले म्हणतील, "बघ, सांगितलं होतं." विक्रीच्या बोलीवर तुम्ही परवानगी मिळवलीत तर तीच बोली उद्या अंगावर येईल. त्यापेक्षा सरळ सांगा की हे मला करावंसं वाटतं, दुपारी दोन ते चार, आणि याला खर्च जवळपास नाही. लोकर फुकट, टकळी घरची, रिठे कोपऱ्यावरच्या दुकानातले. गावात कुणी भजनाला जातं, कुणी कट्ट्यावर बसतं, कुणी पारायणाला. त्या वेळेचा हिशेब कुणी मागत नाही. तुमच्या दोन तासांचाच मागितला जातो आणि तुम्हीही तो देता. तीस वर्षं तुम्ही सगळ्यांसाठी विणलंत, त्याचे कधी पैसे घेतले होते का?

या मातीत मोबदल्याशिवाय कातायला बायका-पुरुष बसलेले आहेत. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यात सभासदत्वासाठी दरमहा २००० यार्ड सूत द्यायचं ठरलं, स्वतः कातलेलं, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. टिळकवाडीत तेव्हाची विहीर आणि स्मारक आजही आहे, हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी या भागात खादी उभी केली. सगळेच हौसेनं कातत होते असं मी म्हणत नाही, त्यांच्यापुढं मोठं ध्येय होतं. पण वकील, शिक्षक, घरातल्या बायका हातात सूत धरून बसतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही, असा काळ आपल्याच गावांनी बघितलाय. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलंत तर मालकांच्या आजोबांच्या पिढीची आठवण निघेलही.

सासूबाईंचं बोलणं जास्त जपून घ्यायला हवं, कारण ते तुमच्याबद्दल नाहीच. ते ज्या आजींनी तुम्हाला लोकर दिली त्यांच्याबद्दल आहे, आणि तिथं मला गप्प बसता येत नाही. "धनगरांचं काम" हे कमीपणाचं म्हणून कसं म्हणायचं? सोवळ्यात नेसायची धाबळी लोकरीची. पूजेला बसायचं आसन लोकरीचं. लोकर शुद्ध आणि ती पाळणारे, कातरणारे, कातणारे, विणणारे हात मात्र दुसऱ्या कुणाचे, हे मनाला पटतं का? निपाणीजवळच्या अक्कोळच्या बाळूमामांनी जन्मभर मेंढरं राखली आणि आज त्या मेंढरांचा कळप गावात आला की लोक वाटेवर पाया पडायला उभे राहतात. तुमच्या घरातलंही कुणी गेलं असेल. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना उलट उत्तर देऊनही काही साधणार नाही. पहिलं आसन झालं की ते त्यांच्या देवघरात अंथरा. "तुमच्यासाठी केलंय" एवढंच म्हणा. त्यावर बसून त्यांनी जप केला की पुढचं आपोआप होईल, आणि नाही झालं तरी तुमचं कातणं थांबायचं कारण नाही.

पण तुम्हालाही एक विचारते, रागावू नका. आजींनी पोतंभर लोकर दिली, पैसे घेतले नाहीत. का? कारण बाजारात आज या लोकरीला बहुतेक वेळा कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव मिळत नाही. किती ठिकाणी ती माळावर टाकून देतात. एकदा कातरणी झाली की एका मेंढराची लोकर फार तर पाव-अर्धा किलो, आणि वर्षातून दोनदा कातरावंच लागतं, नाहीतर जनावराला त्रास. तेव्हा "फुकट मिळाली" म्हणून ती हलक्या हातानं घेऊ नका. पुढच्या वेळी पैसे द्या, किंवा धान्य द्या. आणि त्यांच्याकडून शिकायचं असेल तर शिकवणीचं मोल म्हणून द्या, दान म्हणून नको. पुण्याला किंवा हिमाचलाला जाऊन शिकायचा विचार तुमच्या मनात असेल तर मी नको म्हणत नाही. पण ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्या झालंय त्या तुमच्याच बांधावर राहुटी ठोकतात. आधी तिथं जाऊन बसा.

आता रंग, ज्यावर तुमचा खरा जीव आहे.

बिटाचा रंग गेला कारण तो टिकणाराच नाही. उष्णतेनं मोडतो, लोकरीला नीट धरत नाही. हळद धरते, लख्ख धरते, पण उन्हात उडते. माझी पहिली हळदीची शाल मी खिडकीच्या कठड्यावर वाळत टाकली आणि विसरले. चार दिवसांनी उचलली तेव्हा घडीच्या आतली बाजू पिवळीजर्द आणि बाहेरची मळकट पांढरी. खूप रडू आलं होतं, कारण ती आईसाठी होती. तेव्हा हळद-बीट खेळायला ठीक, कुणाला द्यायच्या वस्तूला नको.

आणि काळ्या लोकरीवर रंग चढला तरी दिसत नाही. म्हणून पोतं उघडलं की पहिलं काम निवडण्याचं. पांढरी, करडी, तपकिरी, काळी असे चार ढीग करा. आपल्याकडे पांढरी कमी निघते, ती सोन्यासारखी जपा. करडीवर रंग दिला की तो दबका, मातीसारखा येतो, जुन्या इरकलीतल्या रंगांसारखा, आणि मला तो पांढरीवरच्या रंगापेक्षाही आवडतो. काळी आणि तपकिरी न रंगवता तशीच वापरा. निसर्गानं दिलेल्या त्या रंगांचे पट्टे रंगवलेल्या सुतासोबत इतके शोभतात की वेगळं काही करावं लागत नाही.

सुरुवात कांद्याच्या सालीनं करा. १०० ग्रॅम सुकी, धुतलेली लोकर किंवा सूत मोजून घ्या, सगळी मापं त्यावर ठरतात. त्याला १२ ग्रॅम तुरटी, पूड करून गरम पाण्यात विरघळवलेली. चार लिटर पाण्यात ती मिसळा, आधीपासून भिजवलेली लोकर आत सोडा आणि मंद आचेवर तास भर घेत पाणी तापवा. उकळी येऊ द्यायची नाही. बुडबुडे तळाशी दिसायला लागले, वाफ वर आली, की आच आणखी बारीक करा आणि पाऊण तास ठेवा. मग गॅस बंद करून रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. तुरटी तंतूला धरते, रंग तुरटीला धरतो, म्हणून ही पायरी गाळू नका. दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम सुकी कांद्याची सालं तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात तसंच हळूहळू तापवा. मधासारखा, तांबूस सोनेरी रंग येतो. सालं जमवायला महिना जाईल. शेजारणींना सांगून ठेवा, किंवा बाजारात कांद्याच्या वखारीपाशी पिशवी घेऊन जा, लोक आनंदानं देतात.

दसऱ्यानंतर तोरणांचा झेंडू टाकू नका, पाकळ्या वाळवून ठेवा, छान पिवळा देतात. डाळिंबाच्या सालीचा पिवळा जरा करडसर आणि टिकाऊ. मंजिष्ठा काष्टौषधींच्या दुकानात मिळते, तिचा विटकरी तांबडा रंग जपून काढावा लागतो. पाणी फार तापवलं तर तो तपकिरीकडे झुकतो. हिरडा तर खानापूर-चंदगडच्या रानातला, आपल्या अंगणातलाच म्हणा. त्यावर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातलं की काळपट करडा रंग येतो. हिराकस १०० ग्रॅम लोकरीला २ ग्रॅमच्या वर नको, लोकर ठिसूळ होते. रंगाची भांडी स्टीलची आणि कायमची वेगळी, त्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात रंग बदलतो. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं, बोअरच्या जड पाण्यात तोच रंग दुसराच दिसू शकतो. आणि प्रत्येक वेळी त्या सुताचा वीतभर तुकडा वहीत चिकटवून बाजूला वजन, तुरटी, वेळ, पाणी कुठलं ते लिहा. वर्षभरात ती वही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू होईल.

पायाचा चरखा? मुलाच्या मनात तुमच्यासाठी काही करायचं आहे, ते मोडू नका. त्याला सांगा, टकळीवर एक किलो सूत कातून झालं की घेऊ. तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की तुमचा हात जाड धाग्याला वळतो की बारीक, बसून कातायला आवडतं की उभ्यानं. त्यावर चरखा ठरतो. लोकरीसाठीच बनलेले बागेश्वरी चरखे उत्तराखंडाकडे वापरतात, त्याची चौकशी त्याला आत्तापासून करून ठेवू द्या. आणि बाहेरची मऊ लोकर हवी असेल तर तीही थोडी मागवा, दोन्ही हातात घेऊन कातून बघा. पण आधी ही, जी घरात आहे.

सूत किंवा लोकर साठवताना पूर्ण कोरडी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून झटका, कसर लागते.

राहिला तो गोळा. पुन्हा गरम पाण्यात भिजवा, रिठ्याचं पाणी घाला आणि पोत्यावर पसरून दोन्ही तळव्यांनी मळत मळत जमेल तितका एका जाडीचा करा. मध्ये पातळ राहील तिथं उरलेली लोकर वरून घाला आणि पुन्हा मळा. पोत्यासकट गुंडाळी करून पायाखाली पुढं-मागं लोटा, पंधरा मिनिटं या बाजूनं, पंधरा त्या. उन्हात वाळवा आणि कडा कात्रीनं सरळ करा. तीन किलोच्या लोकरीत एका माणसाला बसता येईल एवढं जेन सहज होतं. पुढच्या वेळी त्या आजी शेतावर आल्या की त्यावर त्यांना बसवा, चहा द्या आणि टकळी त्यांच्या हातात ठेवा.